दोन अक्षरांची उधारी

संग्रामपूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातील, सातपुड्याच्या पायथ्याजवळचे तालुक्याचे गाव. कपाशी, सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या हंगामाप्रमाणे येथील पेठेचे वर्ष चालते. पेठेतील बोली अस्सल वऱ्हाडी. परंतु दिवसभरात तिच्यात वारंवार मिसळणारा परका शब्द शोधू गेल्यास 'सॉरी' हा हटकून सापडतो. हमालाच्या पाठीवरचे पोते येणाऱ्या-जाणाऱ्याला घासले, की 'सॉरी भाऊ'. शेतकऱ्याने मागितलेले औषध दुकानात नसले, की 'सॉरी, माल संपला'. मोबाइलवरचा आवाज तुटला, की नुसते प्रश्नार्थक 'सॉरी?' हिशेब सांगताना आकडा चुकला, की 'दोन हजार चारशे, सॉरी, दोन हजार सहाशे'. भाव पटला नाही, की 'सॉरी शेठजी, इतक्यात परवडत नाही'. आणि घरी भांडलेल्या नातवंडांना आजीचा हुकूम: 'आधी सॉरी म्हण तिला.'

सहा ठिकाणी शब्द एकच आहे, कामे मात्र सहा आहेत. पहिला 'सॉरी' धक्क्याचा राग निवळवतो, दुसरा नकार देतो, तिसरा 'पुन्हा सांगा' असे म्हणतो, चौथा चुकीचा आकडा पुसतो, पाचवा सौदा मोडतो आणि सहावा भांडणावर पडदा टाकतो. यांपैकी चार ठिकाणी तर कोणाचा काही अपराध झालेलाच नसतो. शब्दाने इतकी कामे करावीत यात वावगे काही नाही. गर्दीच्या पेठेत, घाईच्या व्यवहारात असा एखादा मऊ शब्द हवाच. तो नसता तर दिवसातून दहा वेळा आवाज चढले असते. परंतु ज्या सुट्या पैशांनी दिवसभर किरकोळ खरेदी केली, त्याच सुट्या पैशांनी कधीतरी मोठे देणे फेडण्याची वेळ येते. त्या वेळी हा शब्द पुरा पडतो का, हा खरा प्रश्न आहे.

इंग्रजीत हा शब्द जन्मला तेव्हा तो इतका हलका नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'सारिग' असे होते. 'सार' म्हणजे वेदना किंवा जखम आणि 'सारिग' म्हणजे वेदनेने भरलेला. आजही इंग्रजीत दुखऱ्या जागेला 'सोअर' म्हणतात, तो याच मुळाचा शब्द. दुःख या अर्थाचा 'सॉरो' हा शब्द ऐकण्यास जवळचा वाटतो, पण त्याचे मूळ निराळे. शेजारी राहून राहून दोघे एकमेकांसारखे दिसू लागले, इतकेच. म्हणजे 'सॉरी'चा पहिला अर्थ अपराधाशी नव्हे, दुखण्याशी बांधलेला आहे. यामुळेच इंग्रजी बोलणारी माणसे कोणाच्या घरी मृत्यू झाल्याचे कळले तरी 'सॉरी' म्हणतात. वऱ्हाडातून परदेशी शिकायला गेलेल्या एखाद्या मुलाला आजोबा वारल्याची बातमी येते, शेजारचा सहाध्यायी हळूच 'सॉरी' म्हणतो आणि त्या मुलाला क्षणभर कोडे पडते, की यात याची काय चूक? त्याच्या गावी अशा वेळी माणसे घरी 'बसायला' येतात आणि फारसे बोलत नाहीत. 2023 च्या जुलै महिन्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली, शेते खरडून गेली, तेव्हा 'लय वाईट झालं भाऊ' एवढेच एकमेकांना म्हणता आले. ते वाक्य म्हणजे 'सॉरी'च्या जुन्या अर्थाचे नेमके वऱ्हाडी रूप होय. दुसऱ्याची जखम आपल्याला दुखणे, हा त्या शब्दाचा मूळचा मान आहे.

मराठीत हा शब्द आला तो मात्र क्षमेच्या कामासाठी, आणि येथेच त्याचा जुन्या शब्दांशी फरक पडतो. इंग्रजीत 'सॉरी' हे विशेषण आहे. 'आय अ‍ॅम सॉरी' म्हणणारा स्वतःविषयी सांगतो, की मला वाईट वाटत आहे. वाक्य तेथे पूर्ण होते. समोरच्याने काही केले नाही तरी त्याला बाधा येत नाही. मराठीत माफी 'मागावी' लागते. जी वस्तू मागायची ती समोरच्याच्या मालकीची असते आणि ती देणे न देणे त्याच्या मर्जीवर असते. मागणारा त्या क्षणापुरता ऋणको होतो. 'सॉरी म्हटलं ना!' असे चढ्या आवाजात म्हणता येते, कारण आपल्या बाजूचे काम उरकलेले असते. 'माफी मागितली ना!' असे कोणी त्याच आवाजात म्हटले, तर 'मग मिळाली का?' असे विचारण्याची सोय राहते.

'माफी' हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि मराठीत घरचा झाला. 'क्षमा' संस्कृत. तिचे मूळ असलेल्या 'क्षम्' धातूचे दोन अर्थ आहेत: सहन करणे आणि समर्थ असणे. 'सक्षम', 'कार्यक्षम' हे शब्द त्याच घरातले. नांगर, पाऊस आणि ऊन यांचा मारा सोसूनही पीक देते म्हणून पृथ्वीलाही संस्कृतात 'क्षमा' असे नाव आहे. ज्याच्यात सोसण्याची ताकद आहे तोच क्षमा करू शकतो, ही समजूत त्या एका धातूत साठवलेली आहे. याखेरीज वऱ्हाडी माणसाजवळ एक साधे वाक्य होते आणि अजूनही आहे: 'माह्यं चुकलं बाप्पा.' त्यात व्याकरणाचे काही अवघड नाही, पण दोन गोष्टी स्पष्ट होतात; चूक झाली, आणि ती माझी. शब्दाची गरजच नसलेल्या जागाही होत्या. चुकून कोणाला पाय लागला तर हात त्याच्या अंगाला लावून आपल्या कपाळाला न्यायचा, वहीला पाय लागला तरी तेच करायचे, ही रीत लहान मुलाला बोलता येण्याआधी शिकवली जाई. आता तेथेही 'सॉरी' म्हटले जाते, आणि वाकणे राहून जाते.

व्यापाऱ्याच्या घरात तर क्षमेचे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या कागदावर छापले जात आले आहे. जुन्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'चू. भू. द्या. घ्या.' असे असते. मारवाडी-हिंदी बिलांवर 'भूल-चूक लेनी-देनी' असते. इंग्रजी बिलांवर याच जागी 'ई. अँड ओ. ई.' अशी अक्षरे येतात. त्यांचा अर्थ 'चुका आणि राहून गेलेल्या गोष्टी वगळून' असा होतो. वरवर पाहता तिन्ही एकच वाटतात, पण भाव वेगळा आहे. इंग्रजी अक्षरे बिल लिहिणाऱ्याचे रक्षण करतात: चूक निघाली तर मला बांधून घेऊ नका. 'चूकभूल द्यावी घ्यावी' हे वाक्य दोन्ही हात पुढे करते. माझ्याकडून जास्त घेतले गेले असेल तर ते परत घेऊन जा, कमी लागले असेल तर ते आणून द्या. येथे चूक कबूल करणे आणि तिची भरपाई करणे हे एकाच दमात येते. ज्या पेठेने हे वाक्य हजारो बिलांवर छापले, तिला क्षमा म्हणजे काय हे वेगळे शिकवण्याची गरज पडू नये.

जैन घरांत तर याहून मोठी ठेव आहे. 'मिच्छामि दुक्कडम्' या प्राकृत वचनाचा सरळ अर्थ 'माझे दुष्कृत्य मिथ्या होवो' असा आहे. येथे वाक्याचा कर्ता बोलणाऱ्याचे मन नाही, समोरचा माणूसही नाही. कर्ता आहे ते केलेले कृत्य. 'सॉरी' भावनेविषयी बोलतो, 'माफी' समोरच्याकडे हात पसरते आणि 'मिच्छामि दुक्कडम्' कृत्याकडेच बोट दाखवते. आवश्यक निर्युक्तीत या वचनाच्या एकेका अक्षराचा अर्थ उलगडला आहे. पहिला 'मि' मृदुतेचा, म्हणजे शरीराने आणि मनाने नम्र होण्याचा. 'च्छा' दोष झाकण्याचा, म्हणजे असंयमाचे दार बंद करण्याचा. दुसरा 'मि' मर्यादेत उभे राहण्याचा. 'दु' स्वतःच्या त्या वर्तनाची घृणा करण्याचा. 'क' 'हे पाप मी केले' या कबुलीचा. आणि 'ड' उपशमाने ते ओलांडून जाण्याचा. ही उकल व्याकरणाची नाही, साधनेची आहे. सहा अक्षरांना सहा कामे आहेत आणि सहाही कामे एकाच अपराधासाठी करायची आहेत. 'सॉरी'ची दोन अक्षरे सहा ठिकाणी विखुरली जातात. ही सहा अक्षरे एका ठिकाणी एकवटतात.

तरीही शब्द कितीही पवित्र असला तरी तो पोकळ होऊ शकतो, हे जुन्या आचार्यांना पुरते ठाऊक होते. आवश्यक सूत्रावरील टीकापरंपरेत एका कुंभाराची कथा येते. त्याच्या घराजवळ काही साधू उतरले होते. त्यांतील एक अल्पवयीन साधू खेळ म्हणून खडे मारून कच्च्या मडक्यांना भोके पाडी. कुंभाराने हटकले की तो तत्काळ 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणे, आणि पाठ वळताच पुन्हा खडा मारी. अखेर कुंभाराने एक खडा त्याच्या कानावर ठेवून कान पिळला. बालसाधू कळवळला तेव्हा कुंभार म्हणाला, 'मिच्छामि दुक्कडम्', आणि पुन्हा पिळला. या कथेतील त्या वचनाच्या जागी 'सॉरी' घातला तर ती आजच्या कोणत्याही घरातली, कोणत्याही दुकानातली वाटेल. म्हणजे दोष इंग्रजी शब्दाचा नाही. प्राकृत शब्दाचीही तीच गत होऊ शकते. मडके फुटायचे थांबले का, एवढीच त्याची कसोटी.

म्हणूनच परंपरेने क्षमेचा शब्द कधी एकटा ठेवला नाही. सहा आवश्यकांत प्रतिक्रमण चौथे येते आणि सहावे येते प्रत्याख्यान, म्हणजे पुन्हा न करण्याचा संकल्प. प्रतिक्रमणाचा अर्थच मागे फिरणे असा आहे; जेथून वाट चुकली त्या जागेपर्यंत परत जाणे. श्रावकाच्या प्रतिक्रमणात दोषांची मोघम यादी नसते, अतिचार नावानिशी येतात. तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे, तत्त्वार्थसूत्रात सांगितलेले पाच अतिचार पाहिले तर ते थेट पेठेतून उचलल्यासारखे वाटतात: चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे, खोटी वजनेमापे वापरणे आणि अस्सलात नक्कल मिसळणे. तराजू आणि भेसळ यांची नावे घेऊन पश्चात्ताप करायला लावणारा हा धर्म व्यापाऱ्यांनी वाढवला, यात नवल नाही. ज्याच्या खातेवहीत नाव, तारीख आणि रक्कम यांवाचून नोंद होत नाही, त्याला नाव, तारीख आणि रक्कम नसलेली क्षमा खरी कशी वाटावी?

काळाचाही हिशेब आहे. दैवसिक आणि रात्रिक प्रतिक्रमण म्हणजे रोजची रोकड. पाक्षिक आणि चातुर्मासिक म्हणजे मधले ताळे. सांवत्सरिक म्हणजे वार्षिक ताळेबंद. कर्मसिद्धांतात क्रोधाच्या चार प्रती सांगितल्या आहेत. पाण्यावरच्या रेघेसारखा, वाळूतल्या रेघेसारखा, जमिनीच्या भेगेसारखा आणि दगडातल्या चिरेसारखा. पहिल्याची मुदत परंपरेने पंधरवड्याची मानली, दुसऱ्याची चार महिन्यांची, तिसऱ्याची वर्षाची, आणि चौथा जन्मभर पुरतो. म्हणजे संवत्सरी ही शेवटची तारीख आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला किंवा पंचमीला श्वेतांबर घरांत, आणि दशलक्षण पर्वानंतर भाद्रपद वद्य प्रतिपदेच्या क्षमावाणीला दिगंबर घरांत जे क्षमायाचन होते, त्यामागे ही मुदतीची जाणीव आहे. त्या दिवसानंतरही जे वैर शिल्लक राहील, ते दगडात उतरेल.

नोंद न करता म्हटलेल्या शब्दाची किंमत किती आणि नोंद करून म्हटलेल्या शब्दाची किती, याचे मोठे उदाहरण दूरच्या एका देशात घडले, आणि तेथे वाद नेमका 'सॉरी' या शब्दावरच होता. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात अनेक दशके आदिवासी मुलांना सरकारी धोरणाने आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवले गेले. 1997 मध्ये त्यावरील चौकशीचा अहवाल संसदेपुढे आला. पुढच्या वर्षापासून 26 मे हा दिवस 'सॉरी डे' म्हणून पाळला जाऊ लागला. 1999 मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत मनःपूर्वक खेद व्यक्त केला, परंतु 'सॉरी' हा शब्द ठरावात येऊ दिला नाही. 2000 च्या मे महिन्यात सिडनीच्या पुलावरून लाखो लोक सलोख्यासाठी चालत गेले, तेव्हा एका विमानाने आकाशात धुराने तोच शब्द लिहिला. अखेर 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तो उच्चारला; कोणाविषयी आणि कशासाठी हे स्पष्ट सांगून, अनेकदा उच्चारला. सभागृहात आणि बाहेर पटांगणात बसलेली, आता म्हातारी झालेली ती मुले रडली. भरपाईचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, हेही खरे. पण दोन अक्षरांसाठी माणसे इतकी वर्षे थांबू शकतात, एवढे त्या दिवशी जगाला दिसले.

भारताच्या वाट्याला आलेले उदाहरण याच्या उलट आहे. 13 एप्रिल 1919 च्या जालियनवाला बागेतील हत्याकांडाविषयी ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी 2013 मध्ये अमृतसरला येऊन ती अत्यंत लज्जास्पद घटना असल्याचे लिहिले; शताब्दीच्या वेळी, 2019 मध्ये, थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. क्षमा मात्र मागितली नाही. खेद आणि क्षमा यांत काय फरक आहे, हे राज्ये चालवणारे पक्के जाणतात. क्षमेच्या मागोमाग देणे उभे राहते.

राज्यांची गोष्ट मोठी आहे. परंतु हाच प्रश्न तालुक्याच्या पेठेत दरवर्षी लहान रूपाने येतो. 2020 च्या खरिपात महाराष्ट्रात ठिकठिकाणी सोयाबीनचे बियाणे उगवले नाही आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. अशा वेळी रिकामी पिशवी हातात घेऊन शेतकरी ज्या कृषी केंद्राच्या गल्ल्यासमोर येतो, तेथील दुकानदाराने ते बियाणे काही तयार केलेले नसते. 'सॉरी भाऊ, कंपनीचा माल, माझ्या हाती काय आहे' असे तो म्हणू शकतो, आणि ते खोटेही नसते. दुसरा एखादा दुकानदार पक्के बिल काढतो, पिशवीवरचा लॉट नंबर उतरवून घेतो, तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज लिहून देतो आणि पंचनाम्याच्या दिवशी शेताच्या बांधावर जातो. कदाचित तो 'सॉरी' म्हणतही नाही. तरी शेतकऱ्याला कळते, की याला आपले दुखले. पहिल्याने शब्द दिला, दुसऱ्याने शब्दाचा मूळ अर्थ दिला.

आणि सर्वांत अवघड जागा दुकानाच्या बाहेर नसते, घरात असते. समजा, एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन सख्ख्या भावांची दुकाने आहेत. वडिलांच्या माघारी गोदामाच्या वाटणीवरून बिनसले आणि बोलणे थांबले. संवत्सरीला थोरल्या भावाच्या मोबाइलवरून हात जोडलेले, फुलांच्या चौकटीचे एक सुंदर चित्र चारशे जणांना जाते. त्यात ठोक व्यापारी आहेत, ट्रकवाले आहेत, बँकेतले साहेब आहेत, आणि यादीत नाव असल्यामुळे धाकटा भाऊही आहे. धाकट्याकडून तसेच दुसरे चित्र उलट येते. दोन्ही चित्रांवर 'जाणता-अजाणता' हे शब्द आहेत. गोदामाचा उल्लेख कोठेही नाही. संध्याकाळी दोघेही आपापल्या ओट्यावरून समोरचे शटर खाली येताना पाहतात. मधला रस्ता जेमतेम वीस पावलांचा असतो.

या दोघांना खोटे म्हणता येणार नाही. चित्र पाठवताना दोघांच्याही मनात कोठेतरी काही हलले असेल. परंतु त्या पवित्र वचनाचा त्या दिवशी 'सॉरी' झाला. गर्दीत धक्का लागला की उच्चारावा तसा, सर्वांना सारखा, कोणालाही न दुखवणारा आणि कोणालाही न भिडणारा. ज्यांचे काही बिघडवले नाही त्या तीनशे नव्व्याण्णवांची क्षमा मागणे सोपे असते. ज्याचे बिघडवले तो एकच असतो, आणि त्याच्यापुढे मोघम बोलून भागत नाही. 'गोदामाच्या हिशेबात मी तुला सगळे कागद दाखवले नाहीत' हे वाक्य चित्रावर छापता येत नाही. ते तोंडाने म्हणावे लागते आणि म्हणण्यापूर्वी कागद काखेत घ्यावे लागतात. धाकट्याकडेही त्याचे वाक्य असेल: 'तुझ्याविषयी मी चार घरी जाऊन बोललो.' या दोन वाक्यांनंतर 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले तर त्यातील 'क' अक्षराला, त्या कबुलीच्या अक्षराला, पहिल्यांदा वजन येते.

मान आड येतो, हे खरे. थोरल्याने आधी जायचे की धाकट्याने, हा प्रश्न घरोघरी अडून बसलेला असतो. उपासकदशांग सूत्रात याचे उत्तर एका व्यापाऱ्याच्याच कथेत सापडते. वाणिज्यग्रामचा आनंद हा अमाप संपत्तीचा गृहस्थ. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात अशी त्याची मांडणी सांगितली आहे. भगवान महावीरांकडून त्याने श्रावकाची व्रते घेतली आणि आयुष्याच्या शेवटी संथारा स्वीकारला. त्या अवस्थेत त्याला अवधिज्ञान झाले. भेटीस आलेल्या गौतम गणधरांना त्याने ते सांगितले, तेव्हा गृहस्थाला इतके विस्तृत ज्ञान होत नाही, तू या बोलण्याची आलोचना कर, असे गौतम म्हणाले. आनंदाने नम्रपणे विचारले, की सत्य बोलण्याची आलोचना करायची असते का? नसेल, तर ती आपणच करावी. गौतम शंकित होऊन भगवंतांकडे गेले. भगवंतांनी निवाडा दिला, की आनंद खरे बोलला. त्याच्याकडे जाऊन क्षमा मागावी.

गौतम हे भगवंतांचे पहिले गणधर, हजारो साधूंचे अग्रणी. आनंद एक गृहस्थ, अंथरुणाला खिळलेला. निरोप धाडता आला असता. एखाद्या शिष्याला पाठवता आले असते. परंतु ज्या वाटेने ते आले होते, त्याच वाटेने गौतम परत चालत गेले आणि आपण कोणत्या बोलण्याची क्षमा मागतो ते सांगून त्यांनी त्या श्रावकाची क्षमा मागितली. कोणाचा मान मोठा, हा हिशेब त्यांनी वाटेत केला नाही. चूक कोणाची, एवढाच केला.

'सॉरी' पेठेत राहील, आणि राहावा. धक्का लागला, माल संपला, आकडा चुकला, तर तो शब्द बरा आहे. त्याने दिवस सुरळीत जातो. मुलांनाही तो शिकवावा, फक्त त्याच्यापुढे 'कशासाठी?' हा प्रश्न जोडून शिकवावा. 'पेन्सिल मोडली म्हणून सॉरी' असे म्हणणारे मूल पुढे खातेवहीही नीट लिहील. आणि यंदाच्या संवत्सरीला किंवा क्षमावाणीला, चारशे जणांना चित्र पाठवण्यापूर्वी, एका कोऱ्या कागदावर चार-दोन नावे लिहून पाहावीत. प्रत्येक नावापुढे काय झाले ते एका ओळीत लिहावे आणि काही देणे निघत असेल तर तेही लिहावे. यादी फार मोठी होत नाही. त्यातले पहिले नाव बहुधा वीस पावलांवरचे असते, आणि त्या दिवशी दुकान थोडे उशिरा उघडले तरी चालते.